सेल काढून ठेवणे

माणसाने काळावर मिळवलेला सर्वांत मोठा विजय कोणता, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं असतं, छायाचित्र! साम्राज्यं बुडाली, भाषा मेल्या, डोंगर झिजून टेकड्या झाल्या. पण एकदा टिपलेला क्षण कायमचा आपला झाला. काळाची काय बिशाद त्याच्या केसाला धक्का लावायची! फक्त कॅमेऱ्यातले पेन्सिल सेल तेवढे काढून ठेवावे लागतात.

मी ते काढून ठेवले नव्हते.

मला कुणी सांगितलं नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही. कॅमेऱ्याच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली होती. बायकोचं अक्षर. ‘सेल काढून ठेवणे.’ खाली दोन रेघा. आणि त्या रेघांच्या खाली, बारीक अक्षरात, ‘अहो, हे तुम्हालाच आहे.’

हे खोकं अकरा वर्षं कपाटावर होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली. आणि चिठ्ठी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

खोकं खाली काढायला निमित्त झालं लेकीचं. ती दूर असते, आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता फोन करते. मी साडेनऊपासून फोनजवळ बसतो आणि चौथ्या घंटेला उचलतो, म्हणजे मी कामात होतो असं वाटतं. त्या रविवारी ती म्हणाली, “बाबा, आईचा एखादा बरा फोटो आहे का हो? नव्या घरात भिंतीवर लावायचाय.”

“ओळखपत्रावरचा आहे की.”

“तो नको. तो लावला तर येणारा-जाणारा विचारेल, ही सापडली का म्हणून.”

तिचं चूक नव्हतं. ओळखपत्राच्या फोटोवाल्याने बायकोला हसू नका म्हणून बजावलं होतं, आणि तिने आयुष्यात त्या एकाच पुरुषाचं निमूट ऐकलं. घरात तिचे दुसरे फोटो नाहीत, कारण फोटो काढायची तीच. कॅमेरा तिचा, पुढे फोन आले तर फोनही तिच्याच हातात. मी कायम समोर उभा. लेकीकडे आईचे सोळा फोटो आहेत. सोळाच्या सोळांत आईने तोंडापुढे हात धरलाय. लग्नातले आहेत, पण त्यातल्या मुलीला मीच तेव्हा नीट ओळखत नव्हतो, लेकीने काय ओळखावं?

एक गोष्ट मात्र मी लेकीला सांगितली नाही. अलीकडे मी डोळे मिटून बायकोचा चेहरा आठवायला गेलो की ओळखपत्रच डोळ्यांपुढे येत असे. पहिल्या वर्षी असं नव्हतं. दुसऱ्या वर्षी अधूनमधून. आता प्रत्येक वेळी तेच: ताठ मान, मिटलेले ओठ, खाली क्रमांक. अडतीस वर्षं जी बाई माझ्याशी एक मिनिट गप्प बसली नाही, ती माझ्या डोक्यात गप्प होऊन बसली होती.

म्हणून असेल, मी एकदम मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “आहे एक फोटो. मी काढलाय.”

“तुम्ही?” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही कॅमेरा उलटा धरून स्वतःच्या नाकाचा फोटो काढला होतात, तो म्हणताय का?”

“ते आधीचं. मग तिने सरळ करून दिला. दीपगृह बघायला गेलो होतो तेव्हा. मी काढला, तिने पाहिला, आणि स्वतः म्हणाली, ‘छान आलाय.’”

“आई म्हणाली? तुमच्या कामाला?”

“शब्दशः.”

“मग तोच हवा मला,” लेक म्हणाली. “सापडेल ना?”

“अकरा वर्षं एका जागी आहे. पाय फुटतायत थोडेच!”

पाय फुटले नव्हते, सेल फुटले होते. सेलच्या कप्प्याचं झाकण उघडेना. उघडलं तेव्हा आतून मिठासारखी पांढरी भुकटी सांडली, आणि पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट निळा थर दिसला. एक सेल निघाला. दुसरा जागा सोडेना. त्याला मी तळहातावर कॅमेरा आपटून आपटून बाहेर काढला. खोक्यात ओल शोषणारी एक पुडी होती, तिच्यावर लिहिलं होतं ‘खाऊ नये’. अकरा वर्षांत पाळली गेलेली ती एकमेव सूचना.

मी वजनमापे तपासनीस होतो. चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, पितळी वजनांवरचा हिरवा गंज व्हिनेगरने उतरवला. त्यामुळे कापसाच्या काड्या आणि व्हिनेगर घेऊन मी त्या पट्ट्या अशा लखलखीत केल्या की तिथे शिक्का मारावासा वाटला. नवे सेल घातले. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आत काहीतरी करकरलं, लेन्स बोटभर बाहेर आली, जराशी तिरकी झाली आणि थांबली. एखादा पाहुणा दारातून आत डोकावून ‘नंतर येतो’ म्हणतो तशी. पडद्यावर अक्षरं उमटली. लेन्समध्ये बिघाड आहे, कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा.

मी सरकारी माणूस. लेखी हुकूम आहे म्हटल्यावर मी कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला. एकंदर तेवीस वेळा.

दुसऱ्या दिवशी दुकान शोधलं. चाव्या करणारा आणि घड्याळजी यांच्या मधे दीड माणूस मावेल एवढी जागा, आणि त्यात कपाळावर भिंग चढवलेली एक बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास. तिच्यामागे भिंतभर लहान खण, प्रत्येकात कुणाच्या तरी कॅमेऱ्याचे अवयव. गिऱ्हाइकासाठी फळीच्या अलीकडे एक स्टूल.

बाईंनी कॅमेरा हातात घेतला, हुंगला, आणि माझ्याकडे पाहिलं.

“व्हिनेगर?”

“हो.”

“कोशिंबीर करायची होती का?”

“गंज काढला.”

“तो बरा काढलाय,” बाई म्हणाल्या. “पण सेलसकट ठेवला कुणी हा?”

“ठेवण्यात आला.”

“कुणाकडून?”

“चौकशी चालू आहे.”

बाईंच्या ओठाची एक कड किंचित हलली. त्यांचं हसणं तेवढंच असतं, हे मला पुढे कळलं.

मी म्हटलं, कॅमेरा जाऊ दे, आतलं कार्ड काढून एक फोटो तेवढा मिळाला तरी चालेल. त्यावर त्यांनी कार्ड बोटांच्या चिमटीत धरून दाखवलं. ते जुन्या जातीचं होतं. ते वाचणारं यंत्र त्यांच्याकडे असायचं, ते कुणीतरी दोन दिवसांसाठी नेलं, त्याला आता दोन वर्षं झाली. “तेव्हा कॅमेराच उठवायला हवा. त्याला वायरने कॉम्प्युटरशी जोडू, मग काय आहे ते दिसेल. लेन्समध्ये वाळू गेलीय बहुतेक. समुद्रावर नेला होता?”

“दीपगृहावर.”

“मग दीपगृह अडकलंय आत. चार दिवसांनी या.”

मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

“चार दिवसांनी म्हटलं होतं, काका.”

“इकडून चाललो होतो.”

“कुठे?”

एवढा पुढचा विचार मी केला नव्हता. म्हणून स्टुलावर बसलो.

निवृत्त माणसाचं काय असतं, की त्याला वेळ असतो आणि कुठे जायचं नसतं. त्या आठवड्यापूर्वी माझ्या दिवसातलं सगळं संभाषण ब्रेडच्या दुकानात व्हायचं. मी म्हणायचो, “एक.” तो म्हणायचा, “छोटा?” मी म्हणायचो, “छोटा.” बायको होती तेव्हा मोठा घ्यायचो. तो दुकानदार इतका सज्जन की त्याने त्या बदलाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, आणि त्याने विचारावं म्हणून मी तीन वर्षं वाट पाहतोय.

इथे मात्र बसायला स्टूल होतं. बाई कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर पुसत होत्या. ते इतक्या वर्षांत वितळून चिकट झालं होतं, मुलाने चोखून ठेवलेल्या गोळीसारखं.

“नुसतं ठेवलं की सगळं बिघडतं,” बाई म्हणाल्या. “रबर पाघळतं, तेल गोठतं, काचेवर बुरशी धरते. वापरलेला कॅमेरा एवढा खराब होत नाही. ठेवलेला होतो.”

“माणसांचंही तसंच,” मी म्हणालो. मला वाटलं, हे जरा खोल बोललो.

“माणसांची दुरुस्ती मी करत नाही,” बाई म्हणाल्या. “तो ब्रश द्या.”

बुधवारी त्यांनी लेन्स सोडवली. आतून निघालेला वाळूचा एक कण त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. “घ्या. तुमचं दीपगृह.”

तो कण डोळ्यांना जेमतेम दिसत होता. मी चौतीस वर्षं वजनं तपासली, पण एवढं हलकं आणि एवढा वेळ घालवणारं काही पाहिलं नव्हतं. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

गुरुवारी कॅमेरा उठला. लेन्स सरळ बाहेर आली. पडद्यावर पहिलाच प्रश्न आला, तारीख आणि वेळ सांगा. खाली आपल्याच मनाने त्याने लिहिलं होतं, एक जानेवारी दोन हजार पाच.

“आतल्या घड्याळाचा छोटा सेल मेलाय,” बाई म्हणाल्या. “बंद केला की हा दर वेळी पाचच्या जानेवारीत जाऊन बसणार. बदलू?”

“नंतर बघू. फोटो दाखवा.”

वायर जोडली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो उमटू लागले, आणि बाईंनी भिंग कपाळावर सरकवलं.

पहिला फोटो फ्यूजच्या पेटीचा. दुसरा टीव्हीच्या मागच्या वायरींचा. तिसरा वॉशिंग मशिनच्या पाइपचा. चौथा शिवणयंत्राच्या पोटाचा. पाचवा उघडलेल्या नळाचा. आणि प्रत्येक फोटोत, डावीकडून आत शिरलेलं, एक बोट. ‘ही निळी वायर इथे.’ ‘हा वायसर आधी.’

“हे काय आहे?” बाई म्हणाल्या. “भूत?”

“बायको.”

मग मला सांगावं लागलं. आमच्या घरात स्क्रूड्रायव्हर तिचा आणि वर्तमानपत्र माझं. कुठलीही वस्तू उघडण्याआधी ती तिचा फोटो काढायची, म्हणजे परत जोडताना चुकायला नको. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हाताचं बोट खुणेला. मी तिला म्हणायचो, “अगं, कॅमेरा काय यासाठी असतो?” ती म्हणायची, “मग कशासाठी? तुम्हाला उन्हात डोळे बारीक करून उभं करायला?” तेही करायची. दर वीस-पंचवीस नळांमागे एक मी होतो.

बोटावर, नखाशेजारी, इस्त्रीने भाजल्याचा एक डाग होता. तो मी विसरलो होतो. मी बराच वेळ त्या डागाकडे पाहत राहिलो. बाई पुढे सरकवायच्या थांबल्या आणि ड्रॉवरमध्ये नसलेलं काहीतरी शोधू लागल्या.

मग दीपगृह आलं. एकशे सोळा, दीपगृह. एकशे सतरा, दीपगृहासमोर मी, कुणीतरी माझं वजन करतंय अशा चेहऱ्याने. एकशे अठरा, पुन्हा मी, टोपी उडालेली. मी स्टुलावर पुढे सरकलो. “आता तिचा.”

बाईंनी कळ दाबली. पडद्यावर स्वयंपाकघरातल्या गॅसची नळी आली. आणि बोट.

“मागे गेलात तुम्ही,” मी म्हणालो.

“नाही काका. हा एकशे वीस आहे.”

“एकोणीस?”

“नाहीये.” त्यांनी यादी उघडून दाखवली. अठरा, वीस, एकवीस, असं करत एकशे सव्वीसपर्यंत. “मधला नंबर गळालाय. पुसलाय कुणीतरी.”

कुणीतरी! मला लख्ख आठवलं. मी कॅमेरा तिच्या हाती दिला होता. तिने पडद्यावर हाताची सावली धरून पाहिलं. “छान आलाय,” म्हणाली. मग अंगठ्याने काहीतरी करत राहिली, अर्धं मिनिटभर. मी विचारलं, “काय करतेयस?” ती म्हणाली, “काही नाही, चला.” आणि मी, ज्याने पाच ग्रॅमची दांडी मारणारा किराणावाला सोडला नाही, तो अकरा वर्षं त्या मापावर खूश होऊन जगलो.

“पुसलेला परत काढता येतो कधी कधी,” बाई म्हणाल्या. “त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. बघू का?”

“नको.”

“अहो, पाच मिनिटांचं—”

“तिने पुसलाय,” मी म्हणालो. “अडतीस वर्षांत तिचा निर्णय फिरवायची सोय नव्हती. आता ती नाही म्हणून फिरवायचा, हे काही बरं नाही.”

मी घरी आलो. कॅमेरा दुकानातच राहिला.

शुक्रवारी मी कुठेच गेलो नाही. आमचं वॉशिंग मशिन तीन वर्षं भिंतीपासून दूर ओढलेलं होतं. प्लंबर काही कामासाठी आला होता, त्याने पाइप काढले, आणि तो गेल्यावर कुठला कुठे ते मला कळेना. विचारणार कुणाला? मी कपडे हाताने धूत होतो आणि स्वतःला सांगत होतो की व्यायाम होतो. आता तिसरा फोटो डोळ्यांपुढे होता. जाड पाइप खाली, बारीक वर, आणि वरच्याच्या तोंडाशी बोट: आधी हा. मी आधी तो लावला. मग दुसरा. पाणी सोडलं. थेंब गळला नाही.

मशिन सुरू झालं, धडधडलं, आणि मी समोर खुर्ची ओढून पूर्ण एक तास बसलो. तीन वर्षांनी घरात माझ्याशिवाय कुणीतरी काम करत होतं. शेवटी ते थांबलं तेव्हा मला इतकं सुनंसुनं वाटलं की मी धुतलेले कपडे काढून पुन्हा आत घातले.

तरीही डोळे मिटले की ओळखपत्रच. बोट आता नीट आठवत होतं, डागासकट. पण बोटाच्या वर काही नव्हतं.

रविवारी दहाला फोन वाजला. मी पहिल्याच घंटेला उचलला.

“काय हो बाबा, आज रिकामे?” लेक म्हणाली. “मिळाला का फोटो?”

मी सगळं सांगितलं. एकोणीस, गॅसची नळी, अर्धं मिनिट. ती हसली.

“म्हणजे छान आला नव्हता.”

“नसावा.”

“पण परत निघेल म्हणतात ना त्या?”

“म्हणतात. पण तुझ्या आईने पुसलाय.”

“बाबा,” लेक म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम अगदी आईसारखा झाला, “आईने तुमचा तो हिरवा स्वेटर पण फेकून दिला होता. त्याचं काय केलंत?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बोला ना. कचऱ्याच्या डब्यातून कुणी काढून आणला?”

“आणण्यात आला,” मी म्हणालो.

“आणि आत्ता काय घातलंय?”

मी खाली पाहिलं. कोपराला भोक आहे, पण ऊब देतो.

“मग!” ती म्हणाली. “आई तेव्हा काय करणार होती? दोन दिवस बोलणार नव्हती. आता तर ती तशीही...” आणि ती थांबली. मी स्वेटरच्या भोकात बोट घालून फोन धरून बसलो.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी दारात. बाईंनी कुलूप काढता काढता विचारलं, “इकडून चालला होतात का?”

“नाही. इथेच आलोय. काढा तो.”

त्यांनी खणातून कॅमेरा घेतला. वायर जोडली, आणि पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. मी स्टुलावर बसलो. चाव्या करणाऱ्याच्या यंत्राचा आवाज येत होता. बाईंनी दोन गिऱ्हाइकांना नंतर या म्हणून परत पाठवलं, एकाला चार्जर दिला. अकरा वाजले, बारा वाजले. पाच मिनिटांचं काम म्हणून जे सांगतात त्याला एवढाच वेळ लागतो, हे मी कचेरीत शिकलो होतो. दीड वाजत आला तेव्हा बाई म्हणाल्या, “अर्धाच निघालाय. खालच्या भागावर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय, बहुतेक तुमची गॅसची नळी. वरचा आहे. बघताय ना?”

मी मान हलवली.

इतका वाईट फोटो मी आजवर पाहिलेला नाही. दीपगृह तिरकं, आता पडतंय की मग अशा बेतात. वाऱ्याने केस अर्ध्या तोंडावर आलेले. डोळे मिटलेले. तोंड सताड उघडं, इतकं की वरची दाढ दिसत होती. चेहऱ्यासमोर, कॅमेऱ्यावर रोखलेलं, बोट. आणि मानेखाली सगळा सपाट करडा रंग, सरकारी भिंतीला देतात तसला. पुसणाऱ्याला दोष देता येण्यासारखा नव्हता. मी तिच्या जागी असतो तर कॅमेरासुद्धा समुद्रात टाकला असता.

पण ती बोलत होती.

“काय म्हणतायत?” बाईंनी हळूच विचारलं.

मला आठवावंसुद्धा लागलं नाही. ते कानात वाजलंच, वाऱ्यासकट. “‘अहो, दोन हातांनी धरा, कप आहे का तो!’”

बाईंच्या ओठाची कड हलली. मग दुसरीही हलली.

मी डोळे मिटून पाहिलं. उघडले. पुन्हा मिटले. ओळखपत्र आलं नाही. तिरकं दीपगृह आलं, दाढ आली आणि ओरडा आला.

“ठेवू, का पुसू?” बाईंनी विचारलं. त्या ही गोष्ट कामाच्या आवाजात विचारत होत्या, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

“ठेवा. जबाबदारी माझी.”

त्यांनी फोटो माझ्या फोनवर पाठवला आणि मी लेकीला. ती त्या वेळी कामावर असते, उत्तर येत नाही. या वेळी आलं. आधी नुसतंच, ‘बाबा’. मग, ‘ही आई. हाच लावणार.’ मग, ‘खालचा करडा भाग आणि बोट कापू का?’

मी टाइप केलं, ‘करडं काप. बोट राहू दे.’

बाईंनी कॅमेरा मऊ फडक्याने पुसला, झाकण उघडलं, दोन्ही सेल काढले आणि न विचारता खोक्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले. चिठ्ठीकडे त्यांची नजर गेली. त्यांनी ती सगळी वाचली, शेवटची बारीक ओळसुद्धा, आणि झाकण नेहमीपेक्षा सावकाश लावलं.

“घड्याळाचा सेल बदलायचा राहिला,” त्या म्हणाल्या. “नाहीतर हा दर वेळी दोन हजार पाचमध्ये जाईल.”

“जाऊ दे,” मी म्हणालो. “तिथे बरं चाललंय.”

खोकं माझ्या मांडीवर होतं. काम झालं होतं. आता उठायचं, घरी जायचं, ‘छोटा’ म्हणायचं, आणि उद्या इकडून जायला काही कारण नव्हतं. मी कारण शोधत तसाच बसून राहिलो. दोन वाजले. सव्वादोन झाले. बाईंनी ब्रश पुसले, खण लावले, ड्रॉवर उघडून बंद केला, आणि मला वाटलं, त्या आता काहीतरी बोलणार. या आठवड्याबद्दल, आठवणींबद्दल, निदान पुन्हा या म्हणून तरी.

बाई खाकरल्या.

“काका, राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पण जरा उठता का? मागच्या मंगळवारपासून माझा जेवणाचा डबा तुमच्या स्टुलाखाली असतो.”